नुसता उभा राहणारा मास्तर

"सर, पळा! पळा ना!"

"कुठलं बटण?"

"बटण नाही, डावी काडी! पुढं ढकला!"

"अगं, पुढं तर तोच उभाय."

"मग मागं वळा! उजवी काडी! सर, ती नाही, ती टॉर्चची..."

टॉर्च विझली. माझ्या मागं बसलेली सगळी पोरं एका सुरात किंचाळली, मीही दचकलो आणि समोरचा पडदा काळाकुट्ट झाला. त्या काळोखात खडूनं लिहिल्यासारखा एकच शब्द उमटला : पुन्हा.

"गेले सर," पृथ्वी म्हणाला. "आपल्यापेक्षा लवकर गेले."

"हळू बोल, त्याला ऐकू जातं!" केतकी त्याच्यावर ओरडली. तीही मोठ्यानंच.

मी ते दोन मुठींचं यंत्र मांडीवर ठेवलं आणि चष्मा काढून पुसला. बाहेर भाद्रपदातलं ऊन होतं. आत सगळे पडदे ओढून अंधार केलेला. मी बसलो होतो ती नवरदेवाची खुर्ची, लाल मखमलीची, हात सोनेरी. माझ्यासमोर एक कॅमेरा, आणि त्या कॅमेऱ्यातून मला कोण कोण बघत होतं, कुठल्या गावात बसून बघत होतं, देव जाणे. सदुसष्टाव्या वर्षी मी तिथं काय करतोय, हे मला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. त्याला आता बरीच वर्षं झाली. त्या दुपारचं काही मला अजूनही नीट उलगडत नाही, पण घडलं ते असं.

पितृपक्षात लग्नं नसतात, साखरपुडे नसतात, बारसंसुद्धा लोक पुढं ढकलतात. आमच्या गावातलं बोधे मंगल कार्यालय त्या पंधरवड्यात कुलूप लावून पडलेलं असायचं. बोधेंची केतकी कॉलेजात गेली, तेव्हा तिनं वडलांकडून किल्ली मागून घेतली आणि दर भाद्रपदात तिथं भुताचे सिनेमे लावायला सुरुवात केली. स्टेजवर पांढरा पडदा, खाली सतरंज्या. घराघरात श्राद्धाचा स्वयंपाक झालेला असायचा, त्यामुळं पोरं डब्यातून वडे आणि खीर घेऊन यायची, आणि खीर खात खात घाबरायची.

"पितर जेवायला यायचे दिवस," पुरोहित गुरुजींनी तिला एकदा दारातच अडवलं होतं, "आणि तुम्ही भुतं बघत बसता?"

"गुरुजी, पितर तुमच्याकडं जेवून तृप्त होतात," केतकी म्हणाली. "आमच्याकडं येतात ती बिचारी उपाशीच असतात."

मला तिनं पहिल्याच वर्षी बोलावलं. मी आपला निवृत्त शिक्षक. सर तिथं बसलेत म्हटलं की आया पोरांना पाठवतात, एवढाच माझा उपयोग. मी मागं खुर्ची टाकून बसायचो. एवढी तयारी करून, अंधार करून माणसानं मुद्दाम घाबरायचं कशाला, हे काही माझ्या डोक्यात शिरायचं नाही. एकदा मी अल्फियाला विचारलं. मुल्लांची अल्फिया तेव्हा आठवीत होती आणि सिनेमाभर ओढणी तोंडात धरून बसायची.

"सर, इथं घाबरून घेतलं की घरी जाऊन घाबरायचं राहत नाही," ती म्हणाली.

हे मला थोडं पटलं.

त्या वर्षी मात्र सिनेमांच्या जोडीला आणखी एक प्रकार होता, आणि तो माझ्यामुळं होता. आमच्या गावाबाहेर साखर कारखाना आहे. दिवाळीच्या सुमाराला बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात, कारखान्यामागं पालं पडतात. आईबाप पहाटे फडात जातात आणि पोरं त्यांच्या मागं मागं. कारखान्याच्या एका जुन्या गोदामात मी त्या पोरांचा वर्ग भरवायचो. नोकरीत होतो तेव्हा शाळा सुटल्यावर, निवृत्त झाल्यावर दिवसभर. श्रावणात एका वादळानं त्या गोदामाचं छप्पर उडालं. पत्रे पार ओढ्यापलीकडं जाऊन पडले, दुमडून. कारखान्यातले साहेब म्हणाले, "जागा वापरा सर, कोण नाही म्हणतंय? छपराचं मात्र तुमचं तुम्ही बघा." छप्पर झालं नाही तर वर्ग नाही, आणि वर्ग नाही तर पोरं फडात. कोयत्यांमध्ये.

हे केतकीला कळलं, आणि ती घरी आली.

"सर, आम्ही खेळून उभं करू छप्पर."

"म्हणजे क्रिकेटचे सामने?"

"नाही हो. व्हिडिओ गेम. लाइव्ह. आम्ही खेळणार, लोक घरबसल्या बघणार आणि पैसे देणार."

"कुणाला?"

"तुमच्या छपराला."

"पण लोकांनी का द्यावेत?"

"आम्ही खेळतो म्हणून."

"तुम्ही तर एरवीही खेळता."

"एरवी फुकट खेळतो, सर."

माझी बायको इंदू चहा घेऊन आली होती, ती दारातच थांबून ऐकत होती. केतकी गेल्यावर मला म्हणाली, "अहो, काय म्हणत होती ती?"

"मला वाटतं, मदत करायची म्हणतेय."

"मग हो म्हणालात ना?"

"म्हणालो. पण कशाला, ते कळलं नाही."

पहिले काही दिवस पोरं नेहमीचे भुताचे खेळ खेळली. मदत येत होती, पण ती छपरापर्यंत पोचेल असं दिसत नव्हतं. मग एके दिवशी चॅटमध्ये, म्हणजे बघणारे लोक जिथं लिहितात तिथं, एक नाव आलं : मागचा बाक. या मागच्या बाकानं केतकीला एक नवाच खेळ पाठवला. अजून कुठं विकायला नसलेला. सोबत लिहिलं होतं, 'या शाळेतून जो कुणी बाहेर पडेल, त्याच्या नावानं गोदामाचे सगळे पत्रे माझ्याकडून. खेळणारा कुणीही चालेल.'

पोरं हरखली. पण शाळेतून कुणीच बाहेर पडेना.

खेळ असा होता. एक अंधारी शाळा. तुमच्या हातात टॉर्च. लांबच लांब बोळ, आणि त्या बोळांतून फिरणारा एक मास्तर. पांढरा शर्ट, एक हात पाठीमागं, चेहऱ्याच्या जागी नुसता धूसर पट्टा, आणि मान एका बाजूला कललेली. "मान मोडलीय त्याची," पोरांनी ठरवून टाकलं होतं. तो पळत नसे, ओरडत नसे. नुसता चालत यायचा आणि उभा राहायचा. तुम्ही पळालात की बोळ लांबायचा. लपलात की तो लपल्या जागी येऊन उभा. मग काळोख आणि 'पुन्हा'.

"मारत पण नाही ना, सर," पृथ्वी कळवळून सांगत होता. पृथ्वी केतकीचा आतेभाऊ, अंगापिंडानं पहिलवान. "मारलं तर कळतं तरी. हा नुसता उभा राहतो! झोप लागंना मला."

खेळ सुरू होताना तुमचा माइक चालू करायला सांगायचा. त्यावरून पोरांनी ताडलं की भूत आवाजावर येतं. मग सगळे तोंडाला रुमाल लावून खेळायला लागले. अल्फियानं तर हॉलमधला पंखासुद्धा बंद करायला लावला. घामानं डबडबलेली पोरं, श्वास रोखून. तरी दर वेळी पुन्हा, पुन्हा, पुन्हा.

सर्वपित्री अमावस्या आली. शेवटचा दिवस. दुसऱ्या दिवशी घटस्थापना, कार्यालयात नवरात्रातलं एक मोठं कार्य होतं, म्हणजे पडदा निघणार, खेळ संपणार. मी सकाळी आईवडलांचं श्राद्ध उरकून, वड्यांचा डबा घेऊन दुपारी हॉलवर पोचलो, तेव्हा पोरांचे चेहरे उतरलेले होते. अल्फिया चॅट वाचून दाखवायच्या कामावर होती. ती एकदम म्हणाली, "ए, मागचा बाक लिहितोय. 'सर आले का? सरांना खेळू द्या की.'"

सगळी पोरं हसली. मीही हसलो. मग कुणीतरी टाळ्या वाजवायला लागलं, आणि मला धरून, कानांवर हेडफोन चढवून नवरदेवाच्या खुर्चीत बसवलं.

पहिला डाव कसा गेला ते सांगितलंच. दुसऱ्यात मी भिंतीत घुसलो आणि भिंतीकडं तोंड करून उभा राहिलो. लोकांना ते फार आवडलं म्हणे. "सर, मदत वाढतेय, असंच करा!" असं केतकी म्हणाली. मी काय करत होतो तेच मला माहीत नव्हतं, तर 'असंच' कसं करणार?

तिसऱ्या डावात माझे डोळे त्या अंधाराला जरा सरावले. बोळाच्या टोकाला एक खोली होती. टॉर्चच्या उजेडात भिंतीशी रचलेली पोती दिसली. खिडकीचा एक गज वाकलेला होता. दाराला कडीऐवजी साखळी होती, आणि दाराच्या पाठीवर काळा रंग देऊन फळा केलेला होता. बाजारात एखादं ओळखीचं माणूस दिसावं आणि नाव आठवू नये, तसं मला व्हायला लागलं.

"ही जागा कुठली आहे?" मी विचारलं.

"शाळा आहे सर. बोलू नका, येईल तो."

"शाळेत पोती कशाला असतील?"

"भुताची शाळा आहे हो! सर, तो आला, आला, पळा!"

तो आला होता. दारातून नाही, पोत्यांच्या मागून. माझे अंगठे दुखायला लागले होते. काड्या ढकलून ढकलून वैताग आला होता. मी ते यंत्र मांडीवर ठेवून दिलं.

"मला नाही बाबा पळता येत," मी म्हणालो. पोरांना नाही, त्याला. का ते विचारू नका. माणूस समोर येऊन उभा राहिला की मला बोलायची सवय आहे.

हॉलमध्ये पोरांनी डोळ्यांवर हात घेतले. तो जवळ आला. आणखी जवळ. आणि थांबला.

एरवी एवढ्यात काळोख होई. तो झाला नाही.

"थांबला," पृथ्वी कुजबुजला. "अरे, हा थांबला का?"

"सर, काडीला हात लावू नका," केतकी म्हणाली. "आहात तसे बसा."

मागच्या फळ्यावर आपोआप अक्षरं उमटायला लागली. खडू घासल्याचा आवाज हेडफोनमध्ये येत होता. फळ्यावर आलं : नाव?

"कुणाचं विचारतोय?" मी म्हणालो.

"तुमचंच असणार सर. सांगा."

"हणमंत खराडे."

काही झालं नाही. तो उभाच. मग पहिला शब्द पुसला गेला आणि नवा आला : गाव?

मी गाव सांगितलं. पुन्हा तेच, तो नुसता उभा. पुन्हा खडू. 'आईबाप काय करतात?'

"आईबाप नाहीत रे आता," मी म्हणालो. "आज सकाळीच त्यांना जेवू घालून आलोय."

मागं कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. माझा डावा कान लहानपणापासून कामाचा नाही. पुढं काय येतंय ते नीट ऐकू यावं म्हणून मी उजवा कान हेडफोनमध्ये दाबला आणि मान तिकडं कलती केली.

"सर," अल्फिया अगदी हळू म्हणाली. "सर, तुम्ही पण तशीच मान करताय."

"कशी?"

"त्याच्यासारखी."

मी पडद्याकडं बघितलं. तो माझ्याकडं बघत होता, म्हणजे चेहरा असता तर बघत असता. मान उजवीकडं कललेली. मोडलेली नव्हती ती. ऐकत होता तो. तेवढ्यात फळ्यावर शेवटची ओळ आली.

तुला काय येतं?

हा प्रश्न माझा आहे. गर्वानं म्हणत नाही, पण मी तो दुसऱ्या कुठल्या मास्तराच्या तोंडून ऐकलेला नाही. टोळीतली पोरं नवी आली की त्यांना कितवीत आहेस विचारलं तर ती मान खाली घालतात. वयानं पाचवीतली असतात, बसलेली असतात दुसरीत, कधी कुठंच नाही. म्हणून मी आधी नाव विचारायचो, मग गाव, मग आईबाप, आणि शेवटी, तुला काय येतं? काहीही सांगायची मुभा. कुणी म्हणायचं भाकरी थापता येते. कुणी म्हणायचं शेळी पिळता येते. मग तिथून पुढं आमचा अभ्यास सुरू व्हायचा. उत्तर यायला वेळ लागायचा, तोवर मी उभा राहायचो. डस्टर धरलेला हात पाठीमागं, मान कलती.

ते गोदाम होतं. माझंच. वाकलेला गज, साखळी, फळा. आणि तो मी होतो.

"सर, उत्तर द्या ना," केतकी म्हणाली. "काय येतं तुम्हाला?"

मला काही सुचेना. एवढी वर्षं मी पोरांना विचारत आलो होतो, मला कुणी विचारलंच नव्हतं. कॅमेऱ्यापलीकडच्या लोकांचं लिहिणं थांबलं होतं, असं अल्फियानं नंतर सांगितलं. आणि तो समोर उभा. त्याला कसलीच घाई नव्हती. बाप रे, ते नुसतं उभं राहणं! उत्तर देणाऱ्याच्या जागी बसल्यावर ते किती मोठं दिसतं, किती जवळ येतं, हे मला तेव्हा कळलं. मला खरोखर पळावंसं वाटलं. अंगठा काडीवर गेलासुद्धा होता.

"मला..." मी म्हणालो. "मला बैल जुपता येतो. टोळीतल्या एका पोरानं शिकवलं. आधी येत नव्हता. आता... बऱ्यापैकी येतो."

तो काही वेळ तसाच उभा राहिला. मग बाजूला सरकला. पाठीमागचा हात पुढं आला, त्यात डस्टर होतं. त्यानं फळा पुसला. साखळी खळकन पडली आणि फळ्यासकट ते दार बाहेरच्या बाजूला उघडलं. बाहेर सकाळ होती. तोडलेल्या उसाचं रान, आणि रांगेत उभ्या गाड्या. पडद्यावर दोन शब्द आले : घाई नाही.

पुढचं काय सांगावं? पोरांनी मला खुर्चीसकट उचललं. केतकीचे वडील धावत आत आले, त्यांना वाटलं स्टेज पडलं. पृथ्वी तेवढा पडद्यासमोर उभा राहून डोकं खाजवत होता. "पण मारलं कुठं त्याला? हरवलं कधी?"

"सर, मागचा बाक!" अल्फिया ओरडली. "लिहिलंय, 'पत्रे पाठवते. आज अमावस्या, लोखंड नको. उद्या निघतील.' पाठवते! सर, बाई आहे ती!"

संध्याकाळी घरी फोन आला. इंदूनं उचलला आणि माझ्याकडं दिला. "कुणी मुलगी आहे. बोलतच नाहीये. पण ठेवतही नाहीये."

मी फोन उजव्या कानाला लावला आणि थांबलो. पलीकडं श्वास ऐकू येत होता.

"म... मनीषा," शेवटी आवाज आला. "नागरगोजे. सर, मी..."

"घाई नाही," मी म्हणालो.

ती हसली. हसताना अडखळत नव्हती. मग मला आठवलं. वडवणीकडची टोळी, दोन वेण्या, पोत्यांजवळची जागा धरून बसणारी. तिचा पहिला शब्दच बाहेर पडायचा नाही. आईबापांनी ती मुकी आहे असं सांगितलं होतं. दोन हंगाम आली, मग टोळी दुसऱ्या कारखान्याला गेली आणि ती दिसली नाही. आता पुण्यात खेळ बनवायच्या कंपनीत होती. हा खेळ मात्र तिनं स्वतःचा, सुट्टीच्या दिवशी बसून बनवलेला. केतकीनं गोदामाचा फोटो सगळीकडं पाठवला होता, तो फिरत फिरत तिच्यापर्यंत पोचला होता.

"मी बोललो ते त्या खेळाला कळलं कसं?" मी विचारलं. "बैलाचं?"

"कळत नाही सर. काय बोलता ते त्याला कळतच नाही. बोलणारा बोलता बोलता पळत नाही ना, एवढंच बघतो."

मग जे दुपारपासून मनात होतं ते विचारलं. "मनीषा, मी असा दिसायचो?"

"चेहरा नीट आठवत नव्हता. म्हणून केलाच नाही. उभं राहणं आठवत होतं."

"इतकं भयंकर?"

"हो."

"मग तेव्हा सांगायचं नाही का?"

"सर," ती म्हणाली, "बोलता कुठं येत होतं?"

इंदू समोर बसून माझ्या तोंडाकडं बघत होती. मी तिला हातानंच थांब म्हटलं. "म्हणजे मी तुला त्रास दिला की..."

"मला पण ठरवता येत नाही," मनीषा म्हणाली. तिला वेळ लागत होता. मी मधे बोललो नाही. "भूत करायला बसले की तुम्हीच आठवायचात. दार कुणी उघडायचं म्हटलं, तरी तुम्हीच. मी खूप घाबरायचे तुम्हाला. पण घरी, पालावर, सगळे माझं वाक्य पुरं करून टाकायचे. तुम्ही नाही केलं कधी. तुम्ही नुसते उभे राहायचात. दोन्ही खरं आहे सर. त्यातलं एक काढलं तर खेळ चालत नाही."

"आणि मी सुटलो नसतो तर?"

"पत्रे दिलेच असते. माझं पण छप्पर होतं ते." मग म्हणाली, "पण मला बघायचं होतं. तिकडून उभं राहता येतं तुम्हाला. इकडून राहता येतं का."

फोन ठेवल्यावर इंदूनं विचारलं, "काय म्हणाली?"

"म्हणाली, मी भूत आहे."

"मग?"

"मग पत्रे पाठवतेय."

इंदूनं कपाळाला हात लावला आणि आत गेली. मी अंधार पडेपर्यंत तिथंच बसून होतो. आनंद झाला होता का? झाला होता. वाईट वाटलं होतं का? तेही वाटलं होतं. दोन्हींचं काय करायचं ते मला समजत नव्हतं, आणि समजावून सांगायला जवळ कुणी मास्तर नव्हता.

पत्रे नवरात्रात आले. पृथ्वीनं आणि त्याच्या तालमीतल्या पोरांनी ते चढवले. दिवाळी झाली, टोळ्या उतरल्या, आणि वर्गाचा पहिला दिवस आला. नव्या पत्र्यांखाली गोदामात उजेडच वेगळा पडला होता. पंधरावीस पोरं, सगळी दाराशी दाटून. त्यात एक सहासात वर्षांची मुलगी, कडेवर लहान भाऊ.

"नाव काय तुझं?" मी विचारलं.

नाव दुसऱ्याच पोरानं सांगितलं, लोचना. गावही त्यानंच सांगितलं. मी त्याला हातानं गप्प केलं.

"लोचना, तुला काय येतं?"

ती माझ्याकडं बघत राहिली. माझा हात सवयीनं पाठीमागं गेला. मान कलती झाली. आणि मला तो पडद्यावरचा दिसला, तिच्या डोळ्यांतून दिसावा तसा. मी हात पुढं आणला. आता कसं उभं राहायचं तेच कळेना. थांबायचं तर होतं, पण असं नाही. तिला घाई नको, आणि तो मास्तरही नको. काही सुचलं नाही म्हणून मी खाली बसलो. जमिनीवर, पोत्यांना टेकून, तिच्या खांद्याच्या खाली माझं डोकं येईल असा. गुडघे कडाकडा वाजले. पोरं हसली. मी थांबलो.

बराच वेळ गेला. बाहेर गाड्यांचे बैल घुंगरं वाजवत गेले. लोचनानं भावाला या कडेवरून त्या कडेवर घेतलं. ती माझ्या गुडघ्यांकडं बघत होती.

"आजोबा," ती म्हणाली, "तुमाला उठता येतं का?"

मी उठायचा प्रयत्न करून बघितला. "नाही गं," मी म्हणालो. "नाही येत."

तिनं भावाला जवळच्या पोत्यावर बसवलं, परकराला हात पुसले आणि दोन्ही हात माझ्यापुढं केले.

"मला येतं," ती म्हणाली. "आजीला रोज मीच उठवती."